झूल : सणाच्या शिवणकामाविषयी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत 'कृषिसण आणि हस्तकला' या विषयावर दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत माझ्यासारख्या एका शिवण-शिक्षिकेला व्यासपीठावर बोलाविण्याचे संयोजकांनी ठरविले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. विषय दिला गेला तो 'कृषिसण आणि हस्तकला'. हा विषय एवढा विस्तीर्ण आहे की, एका तासात त्याला हात घालणे म्हणजे सगळ्यांना थोडे थोडे शिवून काहीच पुरे न करणे. म्हणून मी आपल्या परवानगीने एकच वस्तू निवडते. ती म्हणजे झूल; पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर जे रंगीत, कवड्या-आरशांचे कापड टाकतात ते.

जैन संस्थेच्या कार्यक्रमात बैलाच्या झुलीविषयी काय म्हणून बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. भगवान ऋषभदेवांचे लांछन वृषभ आहे, हे येथे मी सांगावे असे नाही. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या 'आदिपुराणा'त ऋषभदेवांनी प्रजेला शिकविलेली सहा कर्मे सांगितली आहेत : असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. शेती आणि हातांची कारागिरी अशा रीतीने एकाच पंक्तीत बसविलेल्या आहेत, कोणी वर नाही आणि कोणी खाली नाही. आपल्या मराठवाड्यातील सैतवाळ समाजात तर शेती, कापडाचा व्यापार आणि शिवणकाम हे तिन्ही व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. तेव्हा आजचा विषय आपल्या घरापासून फार दूरचा नाही. वेरुळच्या बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, आम्रवृक्षाखाली बसलेली अंबिका आपण सर्वांनीच पाहिली आहे. तिच्या डोक्यावरचा तो आंबा पाहिला की मला पोळ्याचे आंब्याच्या पानांचे तोरण आठवते. हा अर्थात माझ्या मनाचा खेळ आहे, त्याला इतिहास म्हणू नये.

आणखी एक योग आहे. आपल्याकडे पोळा श्रावण अमावास्येला येतो, तिलाच पिठोरी म्हणतात. श्वेतांबर परंपरेतील पर्युषणाचे आठ दिवस श्रावण वद्यात सुरू होऊन भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सुमारास संपतात. म्हणजे बहुतेक वर्षी पोळ्याची अमावास्या पर्युषणाच्या मधोमधच पडते. गावात एकीकडे क्षमापनेच्या संवत्सरीची तयारी चाललेली असते आणि दुसरीकडे शेतकरी आपल्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळत असतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवले, तो खांदा एक दिवस हाताने चोळून मऊ करणे, याला खांदमळणी म्हणतात. यालाही एक प्रकारची क्षमायाचना म्हणावे, असे मला वाटते.

पोळा सर्वत्र एकाच दिवशी होत नाही. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे बेंदूर होतो, तो आषाढात. काही भागांत भाद्रपद अमावास्येला भादवी पोळा करतात. मराठवाडा, विदर्भ व खानदेशात मात्र श्रावण अमावास्याच धरतात. यावर कोणी म्हणेल की, त्या दिवशी अजून पीक कोठे कापलेले असते? खरे आहे. मूग-उडीद तेवढे घरात येऊ लागलेले असतात, बाजरी निसवलेली असते, कापूस पात्या-फुलांवर असतो. परंतु ज्याने नांगरट केली, वखरणी केली, पेरणी केली, त्याचे काम तोवर बव्हंशी पूर्ण झालेले असते. सुगीचे आभार मानण्याचा पहिला भाग म्हणजे पोळा, आणि दुसरा भाग आश्विनात, घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत. या दोहोंच्या मध्ये सुमारे चाळीस दिवस असतात. पावसाची उघडझाप चालू असते, शेतात चिखल असल्याने वाफसा येईपर्यंत कामे थांबतात, आणि घरातील सुई या दिवसांत सर्वांत जास्त चालते.

आता प्रत्यक्ष झुलीकडे येऊ. मी जवळजवळ तीस वर्षे शिवणवर्ग चालविले. त्यात परकर-पोलके, सदरा, पिशव्या असे सगळे शिकविले. पण झूल मी शिकविली नाही, ती मीच माझ्या विद्यार्थिनींकडून शिकले. फुलंब्री, पैठण, खुलताबादकडून येणाऱ्या मुलींना त्यांच्या आज्यांनी ती शिकविलेली होती.

झुलीचे माप टेपने घेत नाहीत. बैल उभा राहतो, पण टेपचे टोक पाठीवर टेकले की अंग थरथरवतो. म्हणून एक मऊ सुती दोर घ्यायचा, तो वशिंडाच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंत अलगद टाकायचा आणि तेथे गाठ मारायची. मग तोच दोर पाठीवरून आडवा टाकून दोन्ही बाजूंना पोटाच्या निम्म्यापर्यंत सोडायचा आणि दुसरी गाठ. बस्स, दोन गाठींत सगळे माप आले. मोठ्या बैलाला साधारण साडेचार फूट लांबी आणि पाच फूट रुंदी लागते. लाल कंधारी किंवा देवणी जोडी असेल तर बैलाच्या बांध्याप्रमाणे थोडा फरक पडतो. छातीखाली बांधायला दोन बंद आणि शेपटीखाली एक फास ठेवावा लागतो, म्हणजे मिरवणुकीत बैल बुजला तरी झूल घसरून पायांत येत नाही.

अस्तराला जुने धोतर किंवा धुऊन धुऊन मऊ झालेले गोणपाट. वर मांजरपाट, बहुधा लाल. त्यावर जुन्या लुगड्यांच्या काठांचे, खणांच्या उरलेल्या तुकड्यांचे त्रिकोण आणि चौकोन जोडतात. लाल रंग पावसात उतरून बैलाचे पांढरे अंग गुलाबी होऊ नये म्हणून कापड आधी तुरटी-मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवितात. थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून गोधडीप्रमाणेच धावदोरा घालतात, मात्र गोधडीपेक्षा ओळी जरा विरळ. किनारीला दाभण आणि सुतळी. कोपऱ्यांना लोकरीचे गोंडे. मध्यभागी कमळ, सूर्य, मोर, कोणी कोणी धन्याच्या नावाचे आद्याक्षर.

या सगळ्यात जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली, ती बाहेरून दिसतच नाही. चांगल्या झुलीत दोऱ्याची एकही गाठ अस्तराच्या बाजूला येत नाही. प्रत्येक गाठ दोन थरांच्या मध्ये लपविलेली असते. एका विद्यार्थिनीला मी विचारले की, एवढा खटाटोप कशासाठी, खालची बाजू कोण पाहणार आहे? ती म्हणाली, "बाई, बैलाला टोचंल ना!" शिवणशास्त्राच्या पुस्तकांत गाठ आत घेण्याचे कारण 'सफाई' असे दिलेले असते. हे कारण मला पुस्तकात सापडले नव्हते.

कवड्या आणि आरसे लावण्याची रीत मात्र आपल्याकडे बंजारा तांड्यांतून मोठ्या प्रमाणावर आली असावी, असे मला वाटते. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरणारा हा समाज. तांड्याच्या अग्रभागी चालणाऱ्या बैलाच्या कपाळावर आणि शिंगांवर भरतकाम केलेली कापडे असत. रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यानंतर ती वाहतूक बुडाली, सुई मात्र राहिली. कवडीची पाठ दगडावर घासून तिला भोक पाडायचे, म्हणजे ती कापडावर सपाट बसते आणि टाका आतून फिरवता येतो. आरशाभोवती काजटाक्याचे कडे घालायचे. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील कवड्यांची माळ पाहा. तेथेही कवडी हीच असते आणि तिला धरून ठेवणारा हात बऱ्याचदा कोणा अनामिक स्त्रीचाच असतो. बंजारा मुली श्रावणात तीजेला टोपल्यांत गहू पेरून नऊ दिवस त्याचे अंकुर जोपासतात, आणि आश्विनात आपण परडीत किंवा पत्रावळीवर वावरातील काळी माती पसरून घट बसवतो. दोन्ही ठिकाणी मूठभर धान्य आणि नऊ दिवसांची राखण.

नवरात्राचा उल्लेख आला म्हणून सांगते. पोळ्याची झूल उतरली की तिच्या कातरणीचे तुकडे टाकून देत नसत. त्यांची आसने होत, पूजेच्या पुस्तकांची वेष्टणे होत, देवीच्या परडीखालची चुंबळ होत असे. घटावर रोज एक माळ चढते. मराठवाड्यात ती तरवडाच्या, कारळ्याच्या पिवळ्या फुलांची असते आणि शेवटी झेंडूची. ओटीचा खण बागलकोटकडच्या गुळेदगुड्डहून येतो. पण त्याची चोळी शिवताना देवीसाठी वेगळा धागा राखून ठेवणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. दसऱ्याला दाराला झेंडूसोबत नव्या धान्याची कणसे बांधतात. पुढे वऱ्हाडात कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभात वाहून सीतादही करतात, आणि त्याच कापसाच्या घरी वळलेल्या वाती दिवाळीला लागतात. वीरनिर्वाणाच्या दिव्यालाही वात लागतेच. आपल्या शहरात कर्णपुऱ्याच्या यात्रेत या दिवसांत फिरून पाहावे, म्हणजे हाताने केलेले काय उरले आहे आणि काय गेले आहे, ते आपोआप कळते.

गेले आहे ते पुष्कळ. पोळ्याच्या आधी बाजारात जा. झूल दिसते, पण ती नायलॉनची असते. अगदी झगझगीत, वजनाला हलकी आणि किमतीला स्वस्त. तिला प्लास्टिकच्या झिरमिळ्या व चमकी चिकटविलेली असते. श्रावणातल्या उकाड्यात ती घाम शोषत नाही. याहून गंभीर गोष्ट म्हणजे, गोठ्यात शेजारी बांधलेली जनावरे एकमेकांच्या अंगावरची वस्तू चाटतात, चघळतात. गुरांच्या कोटीपोटात प्लास्टिक साचले की ते पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. शहरातील मोकाट गाईंच्या शस्त्रक्रियांविषयी आपण वर्तमानपत्रांतून वाचतोच. ज्या दिवशी बैलाला देव मानायचे, त्याच दिवशी त्याच्या अंगावर त्याला अपाय करणारी वस्तू घालायची, हा विचित्र प्रकार आहे. तैलरंगाने शिंगे रंगविण्याचेही तसेच. पूर्वी हिंगुळ लावीत, वर बेगड चिकटवीत. वेसण, कासरा, म्होरकी हे सगळे अंबाडीच्या वाखाचे वळलेले असे. ते जुने झाले की खतात जाई.

पण नायलॉनला नावे ठेवून मी थांबले, तर ते अर्धवट बोलणे होईल. मुळात बैलच कमी झाले आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशातील गोवंशात नर जनावरांची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत जवळजवळ तीस टक्के घट. ट्रॅक्टर आला, चारा महागला, शेतीचे तुकडे झाले. बैलजोडी पाळणे अल्पभूधारकाला परवडेनासे झाले, याबद्दल त्याला कोणी बोल लावू नये. दुष्काळात जनावर छावणीत नेऊन जगविणाऱ्याला सणाचे कौतुक आपण शहरात बसून शिकविणे शोभत नाही. शिवाय २०२० मध्ये कोरोना आणि २०२२ पासून लम्पी चर्मरोगाची साथ. काही जिल्ह्यांत पोळ्याच्या मिरवणुकांवर बंधने आली आणि ज्यांनी झुली शिवून ठेवल्या होत्या, त्यांच्या त्या घरातच राहिल्या. काही घरांत आता कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या बैलांची पूजा होते, नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवितात. त्या बैलांना झूल वीतभर पुरते.

आणि तिसरी बाजू मजुरीची. तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. २०१६ मध्ये आमच्या वर्गातील चार जणींनी पोळ्यासाठी झुली शिवून विकायचे ठरविले. मी हिशेबाची वही ठेवली. एका झुलीला ४१ तास लागले. कापड, लोकर, कवड्या, दोरा मिळून ४२० रुपये खर्च आला. बाजारातील एका व्यापाऱ्याने नगाला ६०० रुपये देऊ केले. म्हणजे ४१ तासांच्या कामाचे १८० रुपये; तासाला साडेचार रुपयेसुद्धा नाहीत. त्या व्यापाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्याकडे तयार नायलॉनचा माल याहून कमी भावात येत होता. चौघींपैकी तिघींनी पुढच्या वर्षी झूल शिवली नाही. त्या शाळेचे गणवेश शिवू लागल्या, आणि माझ्या मते त्यांनी योग्यच केले.

आपल्या सभा-समारंभांत हस्तकलेचे गुणगान पुष्कळ होते. स्पर्धा होतात, पहिल्या तीन क्रमांकांना स्टीलचा डबा किंवा प्रशस्तिपत्र मिळते, छायाचित्र छापून येते. आजीच्या हातची माया, मातीचा गंध, असे शब्द वापरले जातात. मला या शब्दांची थोडी भीतीच वाटते. ज्या कामाला माया म्हटले, त्याला मजुरी द्यावी लागत नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. पोळ्याच्या मिरवणुकीत बैल पुढे, मालक त्याच्या शेजारी, वेशीजवळ मानाच्या जोडीचे तोरण. जिने झूल शिवली, ती घरी पुरणाच्या पातेल्यापाशी. वर्षभर राबलेल्या बैलाला त्या दिवशी निदान पुरणपोळीचा घास मिळतो.

म्हणून आजच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे एक निश्चित सूचना मांडावी, असे मी ठरवून आले आहे. आपल्या समाजाची पांजरपोळाची परंपरा जुनी आहे, आणि गोशाळांना मदत करणारी अनेक कुटुंबे या सभागृहात बसलेली आहेत. या गोशाळांत म्हातारे, निकामी झालेले बैल असतात. झूल ही मुळात केवळ शोभेची वस्तू नव्हती; मार्गशीर्ष-पौषातील थंडीत म्हाताऱ्या जनावराच्या पाठीवर गोणपाटाची झूल टाकण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांत आजही आहे. थंडीच्या लाटेत आपल्याकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि उघड्या गोठ्यातील वृद्ध जनावरांना त्याचा त्रास होतो. तेव्हा संस्थेने पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या त्या चाळीस दिवसांत अशा साध्या, उबदार झुली शिवून घ्याव्यात. मुलायम गोणपाटाचे अस्तर, मध्ये जुनी सुती कापडे, वर जाड मांजरपाट. आरसे नकोत, कवड्या नकोत, चामडे आणि रेशीम तर नकोच. भरतकाम न केल्यामुळे अशी झूल पंधरा-सोळा तासांत होते, हे मी करून पाहिले आहे. जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी घरोघरी पडून आहेत, त्यामुळे कापडाचा खर्चही अर्ध्यावर येईल.

यात माझी एकच अट आहे. हे काम सेवा म्हणून फुकट करून घेऊ नये. या सभागृहातील भगिनींना सेवाभावाने शिवायचे असेल, तर आनंद आहे, त्यांनी अवश्य शिवावे. परंतु ज्या गरजू स्त्रियांकडून संस्था शिवून घेईल, त्यांना तासाच्या हिशेबाने मजुरी द्यावी, आणि ती मजुरी संस्थेच्या शिपायाला दिवसाला जी पडते, तिच्याहून कमी नसावी. दान बैलाला आहे, शिवणारीकडून दान घ्यायचे नाही. शिवलेल्या प्रत्येक झुलीच्या आतल्या कोपऱ्यात तिचे नाव दोऱ्याने घालावे. गाठी मात्र दोन थरांच्या मध्येच राहतील, हे पाहण्याची जबाबदारी मी स्वतः घेते.

खर्चाचा अंदाज मी लिहून आणला आहे, तो कार्यवाहांकडे देते. पहिल्या वर्षी पंचवीस झुलींपासून सुरुवात करता येईल. गोशाळेतील पंचवीस बैलांची मापे घ्यायला मी आणि माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी येऊ, दोर आमचाच असेल.

बाहेरच्या दालनात तीन झुली मांडून ठेवल्या आहेत. पहिली कवड्या-आरशांची, पैठण तालुक्यातील एका आजींनी आपल्या जोडीसाठी शिवलेली. दुसरी बाजारातील नायलॉनची. तिसरी मी आत्ता सांगितलेली थंडीची. तिघींनाही हात लावून पाहा, संकोच करू नका. पहिली झूल जरूर उलटी करून पाहावी. तिसरीजवळ मापाचा दोर ठेवला आहे, त्याच्या दोन्ही गाठी अजून तशाच आहेत. ज्यांच्या घरी जनावर आहे, त्यांनी तो नेला तरी चालेल, मला दुसरा करता येईल.